उपचार अधुरा सोडलेले तेवीस जण

अबोलीनं सांगितलं की काका, तुमचा खांदा आता साठ टक्के सुटला. एवढं ऐकून दुसरा कोणीही खूश होऊन घरी गेला असता. नीळकंठराव सावरबांधे मात्र शर्टाच्या उजव्या बाहीत अर्धा हात घालून तसेच थांबले आणि त्यांनी विचारलं, "साठ टक्के कशाचे?"

त्यात त्यांचा तरी काय दोष. माणूस एकतीस वर्षं नापतौल विभागात निरीक्षक होता. अर्ध्या जिल्ह्यातल्या किराणा दुकानांची वजनं त्यांनी एकेक करून हातात घेतली होती, उलटी करून बुडाचं शिसं तपासलं होतं आणि मगच ठप्पा मारला होता. जे हातात घेतलं नाही त्यावर ठप्पा नाही, हा त्यांचा नियम. या नियमापायी आपली एक बढती गेली असं ते सांगत. बढती दुसऱ्याच कारणानं गेली असं त्यांच्या पत्नी माणिकताई सांगत, पण ते कारण इथं नको.

अबोली बालाघाटचीच, नागपूरला फिजिओथेरपी शिकून आलेली, आणि घाईत असली की हिंदीत बोलणारी. ती म्हणाली, "काका, वो तो हम अंदाज़ से बोलते हैं." आता अंदाज हा असा शब्द, की त्यावर नीळकंठरावांनी आयुष्यभर चलान कापलेलं. ते खुर्चीत परत बसले.

त्याच वेळी शेजारच्या खाटेवर टिकारामजी मानेला पट्टा लावून पडले होते. हे कापडाचे व्यापारी, आणि ज्या सेवा मंडळानं हे केंद्र काढलं त्याचे सचिव. केंद्र म्हणजे दोन खोल्या, दोन खाटा, छताला टांगलेली दोरी-कप्पी, मेण वितळवायचं भांडं आणि वीज असली तर चालणारं शेकायचं यंत्र. पाटीवर 'जोड़ एवं मांसपेशी रोग पुनर्वास केंद्र' असं लिहिलेलं. गाव त्याला सिकाईचा दवाखाना म्हणे. दोन हजार दोन सालचा तो जानेवारी, वीज दिवसाचे सहा-सहा तास जायची, त्यामुळं सिकाईसुद्धा बऱ्याचदा गरम पाण्याच्या पिशवीवर भागवावी लागे.

टिकारामजींच्या खिशात एका आठवड्यापासून भोपाळहून आलेलं प्रपत्र होतं. पुनर्वसन सेवेचं गुणवत्ता मूल्यांकन, एक्केचाळीस प्रश्न, मुदत एक महिना. उत्तरं पटली नाहीत तर केंद्राला मिळणारी मदत बंद, म्हणजे अबोलीची नोकरी बंद आणि दोन्ही खोल्यांना कुलूप. प्रपत्र भरायचं कोणी, या चिंतेनंच आपली मान आखडली असं टिकारामजींचं मत होतं. त्यांनी मान न हलवता, कारण ती हलतच नव्हती, सांगितलं की सावरबांधेसाहेब, हे मोजमापाचं काम आहे, आपल्याशिवाय कोण करील.

नीळकंठरावांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात त्यांना कोणी कुठल्याही कामाला 'आपल्याशिवाय' म्हटलं नव्हतं. त्यांनी प्रपत्र घेतलं.

घरी माणिकताईंनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, की ज्याला स्वतःच्या शर्टाची बाही चढवता येत नाही त्यानं इतरांचे सांधे कसे तपासायचे. नीळकंठरावांनी प्रपत्राची घडी घातली. शेजारच्या तुळसाबाई दही लावायला विरजण मागायला आल्या होत्या, त्यांनी मोहाच्या तेलात लसूण जाळून चोळायला सांगितलं. खांद्यालाही आणि, गरज पडली तर, त्या कागदाच्या कामालाही. म्हणजे ज्याचा सांधा दुखतो त्या प्रत्येकाला ते तेल द्या, सगळे बरे होतील, आणि सगळे बरे झाले की प्रपत्र आपोआप भरेल. यात तर्काची चूक काढणं अवघड होतं.

समोरच्या घरातले दादाजी कोषालयातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, अधिकारपत्राशिवाय कोणाच्या दारात जाऊ नका. मंडळाच्या कागदावर, जावक क्रमांक टाकून, सचिवाच्या सहीनं आणि गोल शिक्क्यानं. शिक्का नसेल तर तुम्ही नुसते नीळकंठ आहात. हे नीळकंठरावांना मनापासून पटलं. पण मंडळाचा शिक्का होता खजिनदाराच्या कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदाराच्या कंबरेला, आणि खजिनदार मुलीच्या लग्नासाठी जबलपूरला. टिकारामजींनी सही केली, शिक्क्याच्या जागी पेन्सिलनं गोल काढून ठेवला आणि म्हणाले, ते आले की मारू.

सुरुवात नीळकंठरावांनी उपकरणांपासून केली. अबोलीकडं सांधा किती वाकतो ते मोजायची प्लॅस्टिकची एक पट्टी होती, दोन लांब हात आणि मध्ये अंशांची चकती. शाळेसमोरच्या दुकानातून एक नवा कोनमापक आणून त्यांनी दोन्ही एकमेकांवर धरले. पाच अंशांचा फरक निघाला. नीळकंठरावांच्या अंगात जुना झरा फुटला. त्यांनी ती पट्टी लिफाफ्यात घातली, लाखेनं मोहर केली, तारीख घातली, 'अप्रमाणित, वापर निषिद्ध' असं लिहिलं आणि सही ठोकून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी अबोली पट्टी शोधत होती. बाहेर बाकावर आठ गुडघे बसलेले. केंद्राची देखभाल करणाऱ्या मैनाबाईंनी तिला लिफाफा दाखवला, पण मोहर तोडायची कोणाची छाती झाली नाही.

नीळकंठराव अकराला आले. अबोली रागावली नाही. तेच त्यांना जास्त लागलं. तिनं आतल्या खोलीतला कॅरमबोर्ड काढला, ज्यावर बोटांचे व्यायाम चालत, आणि त्याचा कोपरा पुढं करून विचारलं की काका, हा काटकोन आहे ना. हौ, म्हणाले. मग तिनं त्यांचा नवा कोनमापक त्या कोपऱ्यावर ठेवला. तो पंचाऐंशी दाखवत होता. एकतीस वर्षांची नोकरी धरून नीळकंठरावांनी एका निर्दोष मापाला मोहर केल्याची ही पहिली नोंद. मोहर त्यांनी स्वतःच्या हातानं तोडली, डाव्या.

त्यानंतर ते नम्रपणे रजिस्टराकडं वळले. प्रपत्राचा सर्वांत भयंकर प्रश्न होता सव्विसावा: 'उपचार अधूरा छोड़ने वाले रोगियों का प्रतिशत.' रजिस्टरात असे तेवीस जण होते. चार-सहा वेळा आले आणि मग आलेच नाहीत. टिकारामजींचं म्हणणं असं, की त्या तेवीस जणांपुढं बसल्या बसल्या 'बाहेरगावी गेले' असं लिहून टाकावं. पोलिसात थोडीच तक्रार द्यायची आहे. नीळकंठरावांनी तो नियम सांगितला. हातात घेतल्याशिवाय ठप्पा नाही. मी तेवीसही माणसं पाहून येतो.

माणिकताईंनी डब्यात पोळ्या बांधल्या आणि आठवण दिली की खांद्याचे व्यायाम रोज तीन वेळा करायचे आहेत. हौ, म्हणाले.

पहिलं नाव किरनापूरचं होतं. प्रेमलाल, किराणा दुकान, दोन्ही गुडघे, पायऱ्या चढता येत नाहीत, चार वेळा येऊन बंद. नीळकंठराव दुपारी बसमधून उतरले. हातात जुनी तपकिरी रेक्झिनची पिशवी, जी घेऊन ते वीस वर्षं त्या बाजारात उतरत आले होते. पानठेल्यावर त्यांनी प्रेमलालचं दुकान विचारलं आणि पान लावून घेतलं. पान तोंडात जाईपर्यंत समोरचं शटर खाली आलं. मग त्याच्या शेजारचं. मग ओळीनं सगळीच. निरीक्षक निवृत्त झाल्याची बातमी किरनापूरला पोचलेली नव्हती, आणि पोचली असती तरी त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

प्रेमलालचं शटर तेवढं घाईत अर्ध्यावर राहिलं होतं, आत तराजू नुसताच हलत होता, माणूस नव्हता. पाठीमागं काहीतरी धडपडलं. नीळकंठराव बोळातून वळून मागं गेले, तर पंचावन्न वर्षांचे प्रेमलाल लुंगी खोचून, बगलेत वजनांचा डबा धरून परसातल्या भिंतीवर चढले होते. निरीक्षकाला पाहून त्यांनी पलीकडं उडी मारली. नीळकंठरावांनी शांतपणे टेप काढून भिंत मोजली. चार फूट दोन इंच. वहीत लिहिलं: गुडघे उत्तम.

लिहून झालं तरी त्यांना बरं वाटेना. इतकी वर्षं या बाजारात लोक उठून उभे राहत, खुर्ची पुसत, चहा मागवत. तो मान आहे, असं ते समजत आले होते. भिंतीपलीकडं आता एक माणूस श्वास रोखून बसला होता, आणि तो माणूस त्यांना मान देत नव्हता.

भिंतीअलीकडून त्यांनी ओरडून सांगितलं की मी सिकाईच्या दवाखान्याकडून आलो आहे. पलीकडं वजनांचा डबा खुळखुळला. अधिकारपत्र भिंतीवरून दिलं, तर पेन्सिलीचा गोल पाहून ते परत आलं. शेवटी नीळकंठरावांनी हात टेकले, म्हणजे टेकायला गेले, आणि उजवा हात चुकीच्या दिशेला वळून त्यांच्या तोंडून अशी किंकाळी बाहेर पडली, की प्रेमलाल भिंतीवरून डोकावले.

"खांदा जाम झाला का जी तुमचा?"

"हौ."

"मंग खोटं नाही बोलून राह्यले तुमी," असं म्हणून प्रेमलाल त्याच भिंतीवरून परत आले. सिकाईला जात असताना शेजारच्या खाटेवर एकाच्या खांद्याची कसरत चाले, ती पाहून पाहून त्यांना पाठ झाली होती. त्यांनी नीळकंठरावांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला लावली. हळूहळू शटरं वर गेली. नापतौलचा साहेब भिंतीवर मुंगीसारखी बोटं चालवतो आहे, हे किरनापूरच्या बाजारानं गर्दी करून पाहिलं. मग चहा आला, आणि या वेळी तो कोणी मागवलेला नव्हता, एकानं घरून आणला होता.

चहा पिताना नीळकंठरावांनी विचारलं, इतकी चांगली सोय असताना काहून सोडलं.

"बरं वाटलं म्हनून नाही आलो जी. बरं झाल्यावर दवाखान्यात कोन जाते?"

सव्विसाव्या प्रश्नाला हे सुचलेलंच नव्हतं. त्या आठवड्यात नीळकंठराव ज्या ज्या दारात गेले, तिथं असे आणखी नऊ निघाले, बरे होऊन आपापल्या कामाला लागलेले आणि रजिस्टरात अधुरे म्हणून नोंदलेले. राजेगावकडचे तिघं गोंदियाला जायला लागले होते, कारण तिकडं मावशी राहते आणि जेवणाची सोय होते. एक जण तर बरा नव्हता, व्यायामही करत नव्हता, पण प्रपत्रातल्या 'संतुष्टि' या रकान्यात त्यानं 'पूर्ण' लिहायला लावलं, कारण डॉक्टरीण बाई मन लावून ऐकते. असं प्रत्येकाचं वेगळं, आणि प्रत्येकाची एक चिठ्ठी नीळकंठराव लिहीत गेले. टक्के काढायचं त्यांनी पुढं ढकललं.

लालबर्‍याच्या अलीकडं एका फाट्यापासून आत शेवंताबाईंचं घर. वय साठीचं, आयुष्य धानाच्या रोवणीत वाकून गेलेलं, उजवा गुडघा. सहा वेळा येऊन बंद. सून मंजुषानं खाट टाकली. शेवंताबाई अंगणात चालत आल्या, आणि चांगल्या चालत आल्या. अबोलीनं दिलेला व्यायाम त्या रोज करत होत्या. नीळकंठराव मनातल्या मनात 'बरी झाली' अशी चिठ्ठी लिहून मोकळे होत होते, तेवढ्यात मंजुषा म्हणाली की नाही जी, आईंना यायचं आहे अजून, अर्धंच झालं आहे.

"मग अडलं कुठं?"

शेवंताबाईंनी गुडघा वाकवून दाखवला. मग म्हणाल्या, "गुडघा तं वाकते जी. बसची पायरी थोडीच वाकते."

नीळकंठराव हसले. त्या हसल्या नाहीत.

"पोरगं मले मांगून उचले अन् बसमंदी टाके. सारी बस पाहे. कंडक्टर म्हने, चलो माल चढ गया क्या. मी पोतं आहो का जी? सहा डाव गेलती. सातव्या डावाले म्हटलं, नाही जात." बालाघाटला त्यांचा भाऊ राहत होता. भाऊबीजेला ओवाळायलाही जाता आलं नव्हतं. भाऊ इकडं आला नाही, कारण त्याचीही कंबर धरलेली.

नीळकंठरावांना भिंतीमागचे प्रेमलाल आठवले आणि आपण त्या बाईंपुढं हसलो याची लाज वाटली. रजिस्टरात शेवंताबाईंचा गुडघा नव्वदवरून एकशे वीस अंशांवर गेला होता. आकडा बरोबर होता, पट्टीही बरोबर होती, हे त्यांनी कॅरमबोर्डावर सिद्ध करून घेतलेलं. आणि तरीही बाई अंगणापलीकडं जाऊ शकत नव्हती. मोजायचं ते भलतंच मोजलं जात होतं.

ते तडक फाट्यावर गेले. सिवनीकडं जाणारी बस आली तेव्हा त्यांनी टेपचं टोक पायरीला अडकवलं आणि वाकून जमिनीपर्यंतचं अंतर वाचलं. सडकेची कड खचलेली, म्हणून पूर्ण एकवीस इंच. कंडक्टरला वाटलं परिवहन विभागाचा माणूस आहे. त्यानं घंटी मारली. बस सुटली, पायरीला अडकलेली टेप सुळसुळत बाहेर आली, संपली, आणि नीळकंठरावांच्या हातून डबीसकट निसटून बसच्या मागं उड्या मारत गेली. मापांच्या निरीक्षकाचं माप सिवनीला निघून गेलं. फाट्यावरच्या चहावाल्यानं अत्यंत सहानुभूतीनं विचारलं की सरकारी होतं का.

बारा दिवसांनी ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन केंद्रात परतले. अबोलीनं रजिस्टर पुढं केलं. उपचार अधुरा सोडणारे आता चोवीस होते. चोविसावं नाव नीळकंठ सावरबांधे, उजवा खांदा, अकरा दिवस गैरहजर.

त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं. अबोलीनं त्यांचा हात वर करून पाहिला आणि तो पूर्वी जात होता तितकाही जात नव्हता. ती म्हणाली, "काका, आता तुमचीपण चिट्ठी लिहा. काहून नाही आले?" नीळकंठरावांनी खाटेवर बसून स्वतःची चिठ्ठी लिहिली: कामाच्या नादात, आणि दुखतं म्हणून टाळलं. दुसरं कारण लिहायला त्यांना जरा वेळ लागला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी पावणेदहाला कप्पीखाली हजर राहू लागले.

शेवंताबाईंची चिठ्ठी अबोलीनं दोनदा वाचली. केंद्रात चढउतरीच्या व्यायामाला सहा इंचांची फळी होती. एकवीस इंच कोणी कधी मोजलेच नव्हते. रविवारी ती नीळकंठरावांबरोबर स्वतः फाट्यावर गेली आणि शेवंताबाईंच्या अंगणात विटा रचल्या. पहिल्या आठवड्यात एक वीट चढायची, बाजूला खांब धरायचा. जमलं की दुसरी.

विटांनी गुडघा वर येणार, पण एकवीस इंचांपर्यंत तो काही येणार नाही, असं अबोलीनं स्पष्ट सांगितलं. म्हणून नीळकंठराव परिवहन कार्यालयात विचारायला गेले, की बसला खाली एक जादा पायरी लावता येईल का. तिथल्या बाबूंनी अदबीनं बसवलं आणि समजावलं की हा गाडीच्या मूळ रचनेत बदल झाला, त्याचा अर्ज ग्वाल्हेरच्या मुख्य कार्यालयात जाईल, नकाशासह, तीन प्रतींत. नीळकंठरावांनी आयुष्यात स्वतः किती जणांना तीन प्रती मागितल्या होत्या, ते आठवून ते नमस्कार करून उठले.

उपाय मंजुषानं काढला. बस खाली येत नसेल तर जमीन वर आणू. गावच्या बुजलेल्या विहिरीजवळ एक सपाट दगड पडून होता, तो चार जणांनी बैलगाडीतून आणून फाट्यावर मुरूम घालून बसवला. दगडाची उंची सात इंच. राहिले चौदा, म्हणजे अबोलीच्या हिशेबानं विटांचे पाच आठवडे. सगळं जमून आलं, एक गोष्ट सोडून. बस दगडापाशी थांबेना. कधी दहा फूट पुढं, कधी वीस फूट मागं. ड्रायव्हरला दगडाचं काय पडलेलं.

या भानगडीत प्रपत्राची मुदत संपली. भोपाळहून एक साहेब जातीनं तपासणीला आले. वीज गेलेली. खिडकीपाशी खुर्ची ओढून त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. मग प्रपत्र उघडलं. चाळीस उत्तरं होती, सव्विसावा रकाना रिकामा. टिकारामजींची मान, जी आता बरीच सुटली होती, पुन्हा आखडली. साहेबांनी विचारलं, प्रतिशत कुठं आहे.

नीळकंठराव उभे राहिले. साहेबांपुढं उभं राहायची सवय त्यांना होती, पण रिकाम्या रकान्यासकट नव्हती. ते म्हणाले, "साहब, प्रेमलाल चार फीट की दीवार कूद गया, वो अधूरे में है. शेवंताबाई का घुटना रजिस्टर में अच्छा है, वो बस में नहीं चढ़ सकती. दोनों को जोड़कर प्रतिशत कैसे निकालूँ? आप निकाल दीजिए, मैं दस्तखत कर दूँगा."

अबोली खाली मान घालून बसली होती. साहेबांनी पेन्सिल घेतली, काही आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग पेन्सिल ठेवून त्यांनी शेवंताबाईंची चिठ्ठी परत काढली आणि विचारलं, किती विटा झाल्या. दोन, अबोली म्हणाली. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले. त्या दिवशी मैनाबाईंनी मेणाचं भांडं तीनदा घासलं.

तिसऱ्या दिवशी सिवनीच्या बसचा ड्रायव्हर महागू केंद्रात आला. हातात नीळकंठरावांची टेप. महिनाभर ती त्याच्या सीटखाली पडून होती आणि कोणाची आहे ते फाट्यावरच्या चहावाल्यानं आत्ता सांगितलं. टेप देऊन तो लगेच जाईना. कंबरेवर हात ठेवून उभाच राहिला. बावीस वर्षं स्टिअरिंग, कंबर अशी धरते की सीटवरून उतरताना दांड्याला लटकावं लागतं. अबोलीनं त्याला खाटेवर झोपवलं. सिकाई चालू असताना नीळकंठरावांनी शेजारी बसून त्याला दगडाची सगळी हकीकत सांगितली, आणि कंडक्टर काय म्हणाला होता तेही. महागू पालथा पडून ऐकत होता. म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाही, साहेब. मले वाटलं, कोनाचं देवस्थान बसवून राह्यले."

होळीच्या आधी भोपाळचं पत्र आलं. टिकारामजींनी ते सगळ्यांसमोर वाचलं. 'प्रपत्र अपूर्ण पाया गया. सेवा संतोषजनक पाई गई. केंद्र दो वर्ष हेतु निरंतर.' अबोलीनं पत्र हातात घेऊन स्वतः एकदा वाचलं आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या गुडघ्याला हाक मारली. नीळकंठरावांना 'अपूर्ण' हा शब्द दोन दिवस सलला. माणिकताईंनी सांगितलं की तो प्रपत्राबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. आणि त्या हे सांगत असताना नीळकंठराव आपल्या हातानं उजवी बाही चढवत होते, तिकडं मात्र दोघांचंही लक्ष नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी नीळकंठराव लालबर्‍याला एका चिठ्ठीच्या फेरतपासणीला गेले होते. आता प्रपत्र नव्हतं, पण सवय लागली होती. परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. स्टिअरिंगवर महागू होता. फाटा आला तसा त्यानं वेग कमी केला, मान बाहेर काढली, आणि बस इतकी हळू नेली की मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. दरवाजा दगडासमोर आला तेव्हा बस थांबली.

दगडावर शेवंताबाई उभ्या होत्या. नऊवारी खोचलेली, हातात कापडी पिशवी. मागं मुलगा होता, पण तो दोन पावलं दूर, हात पाठीमागं बांधून. तसं त्याला बजावलेलं दिसत होतं. शेवंताबाईंनी दांडा धरला. डावा पाय आधी, अबोलीनं शिकवलेला. मग क्षणभर काहीच झालं नाही. कंडक्टर घंटीच्या दोरीकडं न पाहता दुसरीकडंच पाहत होता. मग उजवा गुडघा वर आला, आणि शेवंताबाई बसमध्ये होत्या. त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. कंडक्टरला म्हणाल्या, "बालाघाट. भावाकडं चालली."

नीळकंठरावांनी खिशातून वही काढली. पण दरवाजा बंद झाला नाही. शेवंताबाईंच्या मागून आणखी एक म्हातारी दगडावर चढली, दांडा धरून वर आली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी, काठी आधी आत टाकून. या तिघी कधी सिकाईला आल्या नव्हत्या. कुठल्या रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. बरे झालेले, अधुरे सोडलेले, गोंदियाला गेलेले, कशातच नाही. गावात दगड बसला, म्हणून त्या निघाल्या होत्या. एकीला बाजारात बांगड्या भरायच्या होत्या. काठीवाली नुसतीच आली होती, किती वर्षांत बालाघाट पाहिलं नाही म्हणून.

या तिघी कोणत्या रकान्यात लिहाव्या, असा विचार करत नीळकंठराव वही उघडून बसले. काठीवाली त्यांच्या सीटपाशी येऊन उभी राहिली.

"सरका जी," ती म्हणाली.

नीळकंठरावांनी वही मिटली आणि ते खिडकीकडं सरकले.